त्यागाचे तीन प्रकार आणि अंतकाळीचा उपचार-निर्णय

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाने संन्यास आणि त्याग यांतील भेद विचारला आहे. त्याच्या उत्तरात, सातव्या, आठव्या व नवव्या श्लोकांत, श्रीभगवंतांनी त्यागाचे तामस, राजस आणि सात्त्विक असे तीन भेद सांगितले आहेत. हे श्लोक बहुधा यज्ञ, दान व तप यांच्याच संदर्भात वाचले जातात, आणि ते योग्यही आहे. कारण त्यापूर्वीच्या श्लोकांत विषय तोच चालला आहे. परंतु आजच्या गृहस्थाश्रमात एक प्रसंग असा उभा राहतो की, त्या वेळी या तीन श्लोकांची आठवण झाली तर पुष्कळ गोंधळ टळेल. आई किंवा वडील रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात असतात, रोग हाताबाहेर गेलेला असतो, आणि वैद्य मुलाला बाजूला घेऊन विचारतात, “हृदय थांबले, तर ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करावा, की करू नये?” ‘करू नये’ असे ठरले तर त्या निर्णयाची नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत केली जाते. तिलाच डॉक्टर मंडळी ‘डी.एन.आर.’ म्हणतात.

हा प्रश्न ऐकताच बहुतेक मुलांची अवस्था कुरुक्षेत्रावरील अर्जुनासारखी होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. समोर स्वजन आहेत, काही केले तरी दोष लागेल असे वाटते, आणि धर्म कोणता हे बुद्धीला उमगत नाही. ‘नको’ म्हणावे तर आपल्या हाताने आईच्या मृत्यूवर सही केली असे वाटते. ‘करा’ म्हणावे तर डोळ्यांपुढे तिचा क्षीण देह येतो. मग जो भाऊ दूरगावी किंवा परदेशी असतो तो दूरध्वनीवरून मोठ्याने सांगतो की, सर्व काही करा, काहीही राहू देऊ नका. त्याचे प्रेम खोटे नसते. पण सेवेला आपण जवळ नव्हतो हे शल्यही पुष्कळदा त्या आवाजात मिसळलेले असते.

निर्णयाचा विचार करण्यापूर्वी, जी क्रिया करावी की न करावी असा प्रश्न आहे, ती क्रिया काय आहे हे नीट जाणले पाहिजे. हृदय बंद पडल्यावर रुग्णाच्या छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी जोरात दाब देतात. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि प्रौढ माणसाची छाती प्रत्येक दाबाला निदान ५ सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने. त्याबरोबर तोंडातून श्वासनलिकेत नळी घालणे, विजेचा झटका देणे व शिरेतून औषधे देणे हेही होते. ही पद्धत कौवेनहोव्हेन, जूड आणि निकरबॉकर या तिघांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून १९६० साली वैद्यक-जगतापुढे मांडली. विजेचा धक्का बसला, पाण्यात बुडाले, भूल देताना हृदय थांबले, अशा एरवी धडधाकट माणसांसाठी ती संजीवनीच ठरली. मेंदूला रक्त न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत त्याची हानी होऊ लागते. तेवढ्या अवधीत कोणी जाणकाराने हात लावला तर घरातला कर्ता पुरुष परत येऊ शकतो. ज्या गृहस्थांना शक्य असेल त्यांनी ही क्रिया अवश्य शिकून घ्यावी.

पण हीच क्रिया, जिची मूत्रपिंडे, फुप्फुसे व हृदय ही सर्वच रोगाने थकली आहेत अशा वृद्धेवर केली असता काय होते? वृद्धांच्या बरगड्या ठिसूळ असतात. दाबाखाली त्या मोडणे ही नित्याची गोष्ट आहे. पाश्चात्य देशांतील सुसज्ज रुग्णालयांतही, भरती असताना ज्यांचे हृदय बंद पडते अशा दर चार-पाच रुग्णांपैकी सुमारे एकच जिवंत घरी परततो. आणि यात बरे होण्याजोगे रुग्णही धरलेले असतात. असाध्य रोगाच्या अखेरच्या टप्प्यात हे प्रमाण फारच खाली जाते. क्षणभर हृदय चालू झाले तरी पुष्कळदा रुग्ण यंत्राला जोडलेल्या अवस्थेत काही तास किंवा काही दिवस राहतो, आणि पुन्हा तोच प्रसंग येतो. चित्रपटांत मात्र छाती दाबताच नायक डोळे उघडतो, आणि आपली समजूत बहुतेक तिथेच घडलेली असते!

आता गीतेकडे वळू. सातव्या श्लोकाचा आशय असा की, नियत कर्म टाकणे युक्त नव्हे. मोहाने ते टाकले तर तो त्याग तामस होय. येथे सर्व भार ‘नियत’ या शब्दावर आहे. म्हणून पहिला प्रश्न ‘हा उपचार सोडावा काय’ असा नाही. ‘हा उपचार या रुग्णाच्या बाबतीत नियत आहे काय’ असा आहे. चाळीस वर्षांच्या माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका आला असता पुनरुज्जीवनाचा प्रयत्न हे वैद्याचे नियत कर्म आहे, आणि तेथे ‘विधिलिखित असेल ते होईल’ म्हणून हात बांधून बसणे हा शुद्ध तमोगुण होय. परंतु ज्या क्रियेने रोग हटत नाही, देह सावरत नाही, केवळ मरण्याची घटका लांबते, ती क्रिया उपलब्ध आहे एवढ्यानेच नियत ठरत नाही.

उलट, याच अध्यायाचा पंचविसावा श्लोक पाहावा. परिणाम काय, हानी किती, दुसऱ्याला पीडा किती, आणि आपले सामर्थ्य किती, यांचा विचार न करता केवळ मोहाने आरंभिलेले कर्म तामस, असे तेथे सांगितले आहे. या श्लोकाकडे रुग्णाच्या नातेवाइकांचे फारसे लक्ष जात नाही. सोडणे तेवढे तामस असू शकते आणि करणे नेहमीच पुण्याचे, अशी आपली धारणा असते. गीता ती मान्य करीत नाही. ‘सर्व काही करा’ ही आज्ञाही मोहातून निघू शकते, आणि तिची पीडा आज्ञा देणाऱ्याच्या छातीला होत नसते.

हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात साध्य व असाध्य रोगांचा विवेक वैद्याला आवश्यक म्हटला आहे, आणि वैद्याच्या चार वृत्ती सांगताना सर्वांविषयी मैत्री, पीडितांविषयी करुणा, साध्य रुग्णाविषयी उत्साहयुक्त प्रीती, आणि जो मृत्यूच्या मार्गाला लागला आहे त्याच्याविषयी उपेक्षा अशी मांडणी केली आहे. ‘उपेक्षा’ हा शब्द आजच्या मराठीत कठोर वाटतो. येथे त्याचा अर्थ हेळसांड असा नसून, मृत्यूशी झुंज थांबवून तटस्थ होणे असा घेतला पाहिजे. कारण त्याच श्लोकात करुणाही सांगितली आहे, आणि मरणाऱ्याइतका पीडित दुसरा कोण?

दुसरा भेद राजस त्यागाचा. कर्म दुःखदायक आहे, शरीराला कष्ट होतील, या भयाने ते सोडले तर त्यागाचे फळ मिळत नाही, असे आठव्या श्लोकाचे सांगणे आहे. येथे गृहस्थाला स्वतःच्या मनाची कठोर झडती घ्यावी लागते. आईला आता कष्ट नकोत म्हणून आपण ‘नको’ म्हणत आहोत, की आपल्याला रात्रीची जागरणे नकोत म्हणून? वडिलांच्या सन्मानाचा शब्द ओठांवर आहे, आणि पोटात वाटणीचा हिशेब तर नाही? सून, मुलगा, मुलगी यांच्यापैकी सेवेचा भार ज्याच्यावर पडला आहे तो थकलेला असतो, आणि थकलेल्या मनाला लवकर सुटका हवीशी वाटणे यात राक्षसी असे काही नाही. पण ती इच्छा रुग्णाच्या इच्छेचा वेष घेऊन पुढे येते तेव्हा ओळखता आली पाहिजे.

पैशाचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि तो लपविण्यात अर्थ नाही. आपल्या देशात कितीतरी कुटुंबे रुग्णाला ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ असे लिहून देऊन घरी आणतात, ती खर्च झेपत नाही म्हणून. शेत विकून, मुलीच्या शिक्षणाचे पैसे मोडून अतिदक्षता विभागाचे देणे भागविणाऱ्याला ‘आता थांबू’ असे म्हणावे लागले, तर त्याच्या त्यागाला राजस म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? पंचविसाव्या श्लोकात स्वतःच्या सामर्थ्याचा विचारही कर्माच्या विवेकात धरला आहे, हे येथे स्मरावे. मात्र त्या गृहस्थाने ‘पैसे संपले’ ही गोष्ट वैद्याला स्पष्ट सांगावी, बरे होण्याजोग्या रोगासाठी सरकारी योजना किंवा सार्वजनिक रुग्णालय यांची चौकशी करावी, आणि उपचार निष्फळ आहे म्हणून आपण थांबत आहोत अशी स्वतःची समजूत घालू नये. दारिद्र्य हे पाप नव्हे. पण साध्य रोग असाध्य मानून घेणे ही मोठी चूक होईल. जे वैद्य पैसे मिळतात तोवर असाध्याला साध्य म्हणत राहतात, त्यांच्याविषयी येथे अधिक न लिहिणेच बरे.

तिसरा, सात्त्विक त्याग. याच्या लक्षणाकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. नवव्या श्लोकात कर्म सोडणाऱ्याला सात्त्विक त्यागी म्हटलेले नाही. जो नियत कर्म कर्तव्य म्हणून करीतच राहतो आणि आसक्ती व फळ सोडतो, त्याला म्हटले आहे. याचा आपल्या विषयाशी फार निकट संबंध आहे. डी.एन.आर. म्हणजे रुग्णाला सोडणे, अशी समजूत घरोघर आहे, आणि दुर्दैवाने काही रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांचीही आहे. त्या नोंदीनंतर खाटेकडे पावले कमी वळू लागतात. वस्तुतः भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने २०२० साली या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत स्पष्ट आहे की, हा निर्णय केवळ हृदय-श्वसन थांबल्यानंतरच्या पुनरुज्जीवनापुरता असतो. इतर योग्य उपचारांवर त्याचा परिणाम होता कामा नये. वेदना शमविणारे औषध, श्वास लागल्यास आराम, तोंड ओले ठेवणे, कूस बदलणे, जखमा होऊ न देणे, स्वच्छता, आणि जवळ माणूस असणे ही सर्व कर्मे नियतच राहतात. आणखी काही दिवस मिळावेत हे फळ सोडायचे आहे, आपले माणूस आपल्याजवळच राहावे ही आसक्ती सोडायची आहे. सेवा सोडायची नाही. खरे पाहता असा निर्णय घेतलेल्या घराचे काम वाढते. केरळात कालिकत येथे १९९३ साली वेदनाशमन व परिहार-सेवेची संस्था उभी राहिली आणि तेथून स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन अशी शुश्रूषा करण्याची रीत त्या राज्यात पसरली. जेथे उपचाराने रोग जात नाही तेथेही करण्यासारखे किती असते, हे त्या कार्याने दाखविले आहे.

सेवेचे दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच अत्याचार झाला आणि मेंदूला इजा होऊन त्या अंथरुणाला खिळल्या. त्यांचे अन्न बंद करून त्यांना मृत्यू येऊ द्यावा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती नाकारली. ज्या परिचारिका पिढ्यांमागून पिढ्या त्यांना भरवीत, न्हाऊ घालीत होत्या, त्यांनी त्या मागणीला विरोध केला होता. १८ मे २०१५ रोजी न्युमोनियाने त्यांचा अंत होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, ही सेवा चालली. पुनरुज्जीवनाचा प्रयत्न न करणे आणि जी मरणोन्मुख नाही तिचे अन्न काढून घेणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत, हे या प्रकरणावरून ध्यानी यावे. आणि विषारी औषध टोचून कोणाचे जीवन संपविणे ही तर तिसरीच गोष्ट. तिला आपल्या कायद्यात स्थान नाही, अहिंसेला दैवी संपत्तीत गणणाऱ्या गीतेतही नाही.

येथे एका दुरुपयोगाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. आत्मा अमर आहे, देह हे जुने वस्त्र आहे, मग इतका विचार कशाला, असे काही सुशिक्षित लोक दुसऱ्याच्या खाटेजवळ उभे राहून म्हणतात. दुसऱ्या अध्यायातील तो दृष्टांत वस्त्र बदलणाऱ्या देहीचा आहे. दुसऱ्याच्या अंगावरील वस्त्र जुने झाले असे ठरवून ते ओढण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. तो उपदेश कर्तव्यापासून ढळणाऱ्याला उभे करण्यासाठी होता. कर्तव्य टाळणाऱ्याला सबब पुरविण्यासाठी नव्हे.

मग निर्णय कोणाचा? गीतेने याचे उत्तर आपल्या रचनेतच दिले आहे. सातशे श्लोकांचा उपदेश संपत आला असता, अठराव्या अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकात श्रीभगवंत अर्जुनाला सांगतात की, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसे कर. साक्षात भगवंतांनी जो निर्णय शिष्याकडे ठेवला, तो निर्णय वैद्याने किंवा पुत्राने रुग्णाला न विचारता घ्यावा, हे कसे शोभेल? जोपर्यंत रुग्ण शुद्धीवर आहे व समजू शकतो, तोपर्यंत हा निर्णय त्याचा आहे. आपल्याकडे मात्र रोगाचे नावच त्याच्यापासून लपवितात. मरण जवळ आल्याचे जाणूनही वैद्याने न विचारता ते बोलून दाखवू नये, असा चरकाचाही संकेत आहे, आणि त्यामागे दया आहे. परंतु ‘न विचारता’ हा शब्द महत्त्वाचा. आई स्वतः विचारते, “मी यातून उठेन का रे?” तेव्हा हसून विषय बदलणारा मुलगा तिच्यावर दया करीत नसतो, तिचा विचार करण्याचा अधिकार काढून घेत असतो.

आचार्य विनोबा भावे यांचे उदाहरण या संदर्भात अनेकदा दिले जाते. ज्यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, त्यांनीच १९८२ च्या नोव्हेंबरात पवनार आश्रमात, हृदयविकाराचा झटका आल्यानंतर, अन्न व औषध घेणे थांबविले आणि १५ नोव्हेंबर रोजी शांतपणे देह ठेवला. हे पूर्ण जागृतीत, स्वतःच्या देहाविषयी घेतलेले पाऊल होते. आश्रमवासीयांनी ते मानले. यातून दुसऱ्याने आपल्या वतीने तसे ठरवावे, असे काही सिद्ध होत नाही, आणि प्रत्येकाने विनोबांसारखे करावे असेही नाही.

रुग्ण बोलू शकत नसेल तर मुलांनी ‘आम्हांला काय हवे’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘ती बोलू शकली असती तर काय म्हणाली असती’ हा प्रश्न एकमेकांना विचारावा. शेजारच्या काकूंना यंत्रावर ठेवले होते तेव्हा ती काय म्हणाली होती? वडिलांच्या वेळी तिने काय केले होते? पुष्कळदा उत्तर अशा जुन्या बोलण्यातच सापडते, आणि दूरचा भाऊही ते ऐकून शांत होतो. आणि सही करताना जो हात थरथरतो, त्याच्यासाठी अठराव्या अध्यायाचा चौदावा श्लोक आहे. कोणत्याही कार्याच्या सिद्धीस अधिष्ठान, कर्ता, साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव अशी कारणे असतात. आपणच एकटे सर्व घडवितो असे मानणाऱ्याची बुद्धी अपक्व, असे पुढे सोळाव्या श्लोकात म्हटले आहे. मृत्यू रोगाने व काळाने आणलेला असतो. मुलाची सही त्या मृत्यूवर नसते. छाती दाबू नये एवढ्याच गोष्टीवर असते.

कायद्याची स्थितीही गृहस्थांनी जाणून घ्यावी. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचा भाग मानला, आणि शुद्धीवर असतानाच पुढील उपचारांविषयी इच्छापत्र लिहून ठेवण्यास मान्यता दिली. ही पद्धत फार किचकट होती, म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी ती सुलभ करण्यात आली. आता असे पत्र दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. त्यात आपल्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीची किंवा व्यक्तींची नावे देता येतात, आणि मन बदलल्यास ते रद्दही करता येते. प्रत्यक्ष उपचार थांबविण्याची वेळ आल्यास रुग्णालयाचे प्राथमिक व दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळे विचार करतात. मालमत्तेचे मृत्युपत्र करणारे गृहस्थ पुष्कळ आहेत. हे पत्र करणारे अजून थोडे. पत्र केले नाही तरी निदान मुलांना एकत्र बसवून एकदा बोलावे, आणि ते बोलणे प्रकृती ठीक असताना व्हावे. अतिदक्षता विभागाच्या बाहेरील बाकावर ते नीट होत नाही.

एक शंका श्रद्धाळू घरांत हमखास निघते. आठव्या अध्यायात अंतकाळीच्या स्मरणाचे महत्त्व सांगितले आहे; मग शेवटच्या क्षणी नळ्या, यंत्रे आणि धावपळ यांत नामस्मरण कसे व्हावे? ज्या घराने पुनरुज्जीवन न करण्याचे ठरविले आहे त्याला येथे सवड मिळते हे खरे. वैद्यांना आधी सांगून ठेवल्यास पुष्कळ ठिकाणी एकदोघांना खाटेजवळ बसू देतात. मुखात तुळशीपत्र व गंगोदकाचा थेंब घालता येतो, कानाशी हळू आवाजात पाठ म्हणता येतो. गिळता येत नसेल तर केवळ ओठ ओले करावेत, पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन त्रास होतो. पण ज्यांच्या घरी हे झाले नाही, ज्यांनी त्या रात्री ‘प्रयत्न करा’ असे सांगितले आणि आई बेशुद्धीतच गेली, त्यांनी सहावा श्लोक शेवटपर्यंत वाचावा. अंतकाळी जो भाव उठतो तो जन्मभर जोपासलेल्या भावानुसार उठतो, असे तेथे आहे. जिने चाळीस वर्षे पहाटे दिवा लावून नाम घेतले, तिचे ते नाम अतिदक्षता विभागाच्या दाराशी कोणी काढून घेतलेले नसते.